आधी चढ, मग उतार: स्वस्तातला रेडिओ वेळ आणि सूर कसा जुळवतो

निफाड तालुक्यात माझ्या दाजींची द्राक्षबाग आहे. बागेच्या पार टोकाला आम्ही एक छोटी पेटी लावली होती. मातीतला ओलावा मोजायचा आणि आकडा रेडिओवरून घराच्या गच्चीवरच्या रिसीव्हरला पाठवायचा, एवढंच तिचं काम. अंतर जेमतेम दीड किलोमीटर. जानेवारीत सगळं सुरळीत चाललं. एप्रिल उजाडला आणि सकाळी अकरानंतर आकडे यायचे बंद झाले. ऊन कललं की पुन्हा सुरू. आठवडाभर हे पाहिल्यावर दाजींनी विचारलं, "रात्री पोचतं, मग दुपारी का नाही पोचत? वाटेत काय आडवं येतं?"

वाटेत काहीच आडवं येत नव्हतं. उन्हानं तापलेल्या पेटीतला रेडिओ बेसूर होत होता आणि गच्चीवरच्या रिसीव्हरला तो ओळखू येत नव्हता. चूक माझ्या एका सेटिंगची होती. त्याबद्दल पुढे सांगतो. पण दाजींच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी ज्या युक्तीपाशी पोचलो ती मला आजही फार सुंदर वाटते. पाण्याचे स्मार्ट मीटर, शेतातले सेन्सर, नेटवर्क नसलेल्या भागात ट्रेकर मंडळी वापरतात ते निरोप पाठवणारे छोटे रेडिओ, यांत हल्ली 'लोरा' या रेडिओ पद्धतीचं नाव सारखं ऐकू येतं. त्या लोराच्या मुळाशी हीच युक्ती आहे. तिचं नाव चर्प.

## दोन घड्याळं कधीच एकसारखी नसतात

प्रत्येक रेडिओच्या आत क्वार्ट्झ क्रिस्टलचा एक बारीक तुकडा असतो. तो थरथरतो आणि त्या थरथरीवर रेडिओची वारंवारता ठरते. वारंवारता म्हणजे लाट सेकंदाला किती वेळा वरखाली होते तो आकडा. गाण्याच्या भाषेत सांगायचं तर सुराची उंची. रेडिओचं घड्याळही त्याच क्रिस्टलवर चालतं.

स्वस्तातलं क्रिस्टल दहा लाखांत साधारण दहा एवढं चुकतं. भिंतीवरच्या घड्याळात ही चूक दिवसाला सेकंदभरही भरत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. पण भारतात विनापरवाना वापरायला मोकळा असलेला पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे. ८६६ मेगाहर्ट्झला दहा लाखांत दहा म्हणजे जवळपास ८,७०० हर्ट्झ. पाठवणारा एका बाजूला आणि ऐकणारा दुसऱ्या बाजूला चुकला, तर दोघांत १७ किलोहर्ट्झचं अंतर पडतं. त्यात ऊन आलं, थंडी आली, की क्रिस्टल आणखी सरकतं.

वेळेचं दुखणं वेगळंच आहे. बागेतली पेटी एका सेलवर वर्षं काढते, कारण ती बहुतेक वेळ झोपलेली असते. जागी होते, एक निरोप पाठवते, पुन्हा झोपते. ती केव्हा बोलणार हे रिसीव्हरला आधी माहीत नसतं. म्हणजे दर निरोपाच्या सुरुवातीला, अनोळखी माणसं पहिल्यांदा भेटावीत तसं, दोघांना वेळ आणि सूर नव्यानं जुळवावे लागतात. या जुळवणीला अभियंते सिंक्रोनायझेशन म्हणतात. मी आपला 'मेळ' म्हणेन.

## टाळी, तंबोरा आणि मींड

मेळ घालायला कुठला आवाज करावा? पहिला विचार येतो टाळीचा. टाळी कधी वाजली ते नेमकं कळतं. पण टाळीला सूर नसतो, आणि ती लांबवर ऐकू जायची तर तेवढ्या क्षणात प्रचंड जोर लावावा लागतो. पेन्सिल सेलएवढ्या बॅटरीत तो जोर नाही.

मग तंबोरा घेऊ. सूर स्थिर, हवा तेवढा वेळ लावून धरता येतो, म्हणजे थोडक्या जोरातही बरीच ऊर्जा साठत जाते. पट्टी लगेच कळते. पण चालू तंबोऱ्याचा कुठलाही क्षण दुसऱ्या क्षणासारखाच. त्यावरून 'आता किती वाजले' हे सांगता येत नाही.

आपल्याला हवा तंबोऱ्यासारखा लांबणारा आणि तरीही टाळीसारखी वेळ दाखवणारा आवाज. गायक खालच्या सापासून वरच्या सापर्यंत सलग, एकाच गतीनं घसरत जातो ती मींड आठवा. तिच्यात प्रत्येक क्षणाचा सूर वेगळा. सूर ऐकला की मींड कुठवर आली ते कळतं, म्हणजे सूरच घड्याळाचा काटा झाला. ठरावीक गतीनं वारंवारता चढत किंवा उतरत जाणारा असा सिग्नल म्हणजे चर्प. इंग्रजीत पाखराच्या चिवचिवीला हा शब्द आहे.

ही कल्पना आली रडारवाल्यांकडून. त्यांचीही अडचण हीच होती: दूरचं विमान दिसायला भरपूर ऊर्जा हवी, अंतर अचूक कळायला आखूड ठोका हवा, आणि एका ठोक्यात किती जोर काढायचा याला यंत्राची मर्यादा. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये सिडनी डार्लिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं आणि १९६० मध्ये त्याचा सविस्तर सिद्धांत छापून आला. आजही पृथ्वीची छायाचित्रं घेणाऱ्या रडार उपग्रहांपासून गाडीच्या बंपरमधल्या रडारपर्यंत चर्पच वापरला जातो. निरोप पाठवायला तो स्वस्तात वापरायची लोराची पद्धत ग्रेनोबलच्या सायक्लिओ या छोट्या फ्रेंच कंपनीत तयार झाली. २०१२ मध्ये सेमटेक या अमेरिकी कंपनीनं ती विकत घेतली.

## खरखरीतून आवाज निवडायचा कसा

लोराचं वैशिष्ट्य असं की सिग्नल भोवतीच्या खरखरीपेक्षा कमजोर असला तरी तो वाचता येतो. सगळ्यात सावकाश सेटिंगमध्ये, म्हणजे चर्प सगळ्यात लांब असताना, खरखर सिग्नलच्या शंभरपट असली तरी चालतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे खोटं वाटलं होतं.

सिंहगड चढताना दोघं एकाच वेगानं चढत असले, तर दोघांमधलं अंतर पायथ्यापासून माथ्यापर्यंत तेवढंच राहतं. रिसीव्हर नेमकं हेच करतो. बाहेरून चढता चर्प येत असताना तो स्वतःजवळचा तसाच चढता चर्प सुरू करतो आणि दोन्हींतला फरक घेतो. दोघांचा चढ सारखा, म्हणून चढ कटतो आणि उरतो एक स्थिर सूर. मींडेचा तंबोरा झाला!

स्थिर सुराची ऊर्जा मग गोळा करता येते, झोक्याला लयीत धक्के द्यावेत तशी. प्रत्येक धक्का लहान असला तरी ते एकाच लयीत पडतात, म्हणून झोका उंच जातो. खरखरीचे धक्के कसेही पडतात, एकमेकांना मारतात. लोराच्या सगळ्यात लांब चर्पमध्ये असे ४,०९६ धक्के जमा होतात आणि शंभरपट खरखरीतूनही तो सूर डोकं वर काढतो.

जाता जाता: १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या यंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली गुरुत्वीय लहर टिपली. तिची वारंवारता सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात सुमारे ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. शास्त्रज्ञ तिलाही चर्पच म्हणतात, आणि अपेक्षित आकाराशी ताडून पाहायची पद्धतही याच कुळातली आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया वेधशाळा असेच चर्प ऐकणार आहे.

## एकटी मींड फसवते

आता खरी गंमत. चर्पची जी ताकद तीच त्याची अडचण आहे.

समजा शेजारच्या खोलीत गायक आहे. तुमचं ठरलंय की तो बरोबर सात वाजता काळी एकमध्ये मींड सुरू करेल. सातला दोन सेकंद झाले असताना गंधार ऐकू यायला हवा, पण ऐकू येतो रिषभ. काय चुकलं? कदाचित त्यानं मींड उशिरा सुरू केली, म्हणून तो अजून रिषभावरच आहे. किंवा वेळेवर सुरू केली, पण काळी एकऐवजी खालची पट्टी धरली, म्हणून त्याचा गंधार तुम्हाला रिषभासारखा वाटतोय. थोडा उशीर आणि थोडी खालची पट्टी, असं दोन्ही मिळूनही असेल. एका चढत्या मींडेवरून हे वेगळं करता येत नाही. कितीही काळजीपूर्वक ऐका, कानात येतो एकच आकडा आणि अज्ञात आहेत दोन.

यावरचा उपाय गाणं शिकणाऱ्या पोरालाही सुचेल: आरोह झाला, आता अवरोह घ्या.

उतरत्या मींडेत काय होतं पाहा. पट्टी खालची असेल तर सूर अजूनही अपेक्षेपेक्षा खालचाच ऐकू येईल. पट्टीला दिशा कळत नाही. पण गायक उशिरा असेल तर तो अजून वरच रेंगाळलेला असेल, म्हणजे सूर अपेक्षेपेक्षा वरचा ऐकू येईल. सुराची चूक चढात आणि उतारात एकाच बाजूला ढकलते, वेळेची चूक विरुद्ध बाजूंना.

आकड्यांत मांडतो. वारंवारतेची पट्टी वहीसारखी घरांत आखली आहे असं धरा. पाठवणारा ३ घरं खाली गातोय आणि ५ घरांएवढा उशिरा आहे. चढात दोन्ही चुका खाली ओढतात: ८ घरं खाली. उतारात सूर ३ खाली ओढतो, उशीर ५ वर ढकलतो: २ घरं वर. रिसीव्हरला फक्त 'उणे ८' आणि 'अधिक २' एवढंच दिसतं. दोन्हींची बेरीज उणे ६, तिची निम्मी उणे ३, ही सुराची चूक. दोन्हींतला फरक १०, त्याचा निम्मा ५, ही वेळेची चूक. चौथीच्या पोराला जमेल अशी बेरीज-वजाबाकी, आणि तिच्यावर दीड किलोमीटरवरच्या दोन परक्या घड्याळांचा मेळ बसतो.

## निरोपाचे पहिले शंभर मिलिसेकंद

बागेतली भानगड शोधायला मी एक स्वस्तातला एसडीआर डोंगल लॅपटॉपला लावला. एसडीआर म्हणजे संगणकावर चालणारा रेडिओ. हवेतले सिग्नल तो पडद्यावर रंगात दाखवतो. पेटीचा एक निरोप रेकॉर्ड केला आणि ताणून मोठा करून पाहिला.

पडद्यावर आधी आठ तिरक्या रेघा दिसतात, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या, करवतीच्या दात्यांसारख्या. हे आठ चढते चर्प. मग दोन रेघा मध्येच तुटलेल्या, तुटून पुन्हा दुसऱ्या टोकापासून सुरू झालेल्या. आणि मग एकदम झुकाव उलटा होतो: दोन पूर्ण आणि एक पाव उतरत्या रेघा. त्यानंतर तुटक्या रेघांची रांग लागते, तो खरा निरोप.

आठ चढते चर्प कशाला? जाग आणायला. ते अगदी एकसारखे आणि एकमेकांना चिकटून असतात. त्यामुळे रिसीव्हरनं मधूनच, एकाची शेपटी आणि पुढच्याचं डोकं असं काहीही उचललं तरी त्याला दर वेळी तेच घर मिळतं. एकच घर लागोपाठ येऊ लागलं की ही खरखर नाही, कुणीतरी बोलतंय, हे पक्कं होतं. मधले दोन तुटके चर्प म्हणजे जाळ्याची खूण: सार्वजनिक जाळ्याची वेगळी, खाजगीची वेगळी. आणि सव्वादोन उतरते चर्प म्हणजे अवरोह. सुराची आणि वेळेची चूक सुटी होते ती तिथे.

ही जुळवणी एवढी काटेकोर का लागते, तर लोरात निरोपही घरांतच लिहिलेला असतो. प्रत्येक चर्प कुठल्या घरापासून सुरू झाला, हाच मजकूर. चर्प खालपासून वरपर्यंत जेवढी वारंवारता चढतो ती त्याची रुंदी. १२५ किलोहर्ट्झच्या रुंदीत सगळ्यात वेगवान नेहमीच्या सेटिंगला १२८ घरं असतात, सगळ्यात सावकाश सेटिंगला ४,०९६. पहिल्यात एक घर ९७७ हर्ट्झचं, दुसऱ्यात अवघं साडेतीस हर्ट्झचं. मघाशी आपण पाहिलेली १७ किलोहर्ट्झची चूक पहिल्या सेटिंगमध्येही सतरा-अठरा घरं होते. मेळ नसेल तर प्रत्येक अक्षर चुकीचं वाचलं जाईल.

एक बारकावा मला विशेष आवडतो. सूर आणि घड्याळ दोन्ही एकाच क्रिस्टलवर चालतात, त्यामुळे सूर किती चुकलाय हे कळलं की पाठवणाऱ्याचं घड्याळ किती पुढे-मागे धावतंय हेही आपोआप कळतं. सावकाश सेटिंगमध्ये निरोप सेकंदाहून जास्त चालतो. तेवढ्यात दोन घड्याळांत दहा लाखांत वीस फरक असला तरी वीस मायक्रोसेकंदांची, म्हणजे अडीच घरांची घसरण होते. रिसीव्हर ती आधीच ओळखून वळती करू शकतो. शिवाय सावकाश सेटिंगमध्ये चार-चार घरांचा एक गट धरायची सोय लोरात आहे, म्हणजे घर-दोन घर सरकलं तरी मजकूर बिघडत नाही.

## एवढं करण्यापेक्षा चांगलं घड्याळच का बसवू नये?

बसवता येतं. तापमान ओळखून स्वतःला सावरणारं क्रिस्टल मिळतं, पण ते महाग असतं. जीपीएसवरून वेळ आणि सूर दोन्ही मिळतात, पण जीपीएस ऐकायला बॅटरी लागते आणि तळघरातल्या पाण्याच्या मीटरला आकाश दिसत नाही. हजारो मीटर बसवायचे असतील तर प्रत्येकामागे वाढणारा रुपया मोजावा लागतो. चर्पमुळे ही अचूकता भागात न शोधता हिशोबात मिळते, आणि हिशोब करायचं ओझं गच्चीवरच्या, वीज जोडलेल्या रिसीव्हरवर टाकता येतं.

पण या सहनशीलतेला हद्द आहे. लोराचा रिसीव्हर साधारणपणे वापरलेल्या रुंदीच्या पाव हिश्श्याएवढी सुराची चूक पचवतो. १२५ किलोहर्ट्झला पाव म्हणजे ३१ किलोहर्ट्झ, स्वस्त क्रिस्टलला भरपूर. मी मात्र पल्ला वाढावा म्हणून रुंदी २० किलोहर्ट्झवर आणली होती. रुंदी घटली की खरखरही कमी शिरते, हे खरंच आहे. पण मग पचणारी चूक उरली पाच किलोहर्ट्झ, म्हणजे दहा लाखांत सहा. जानेवारीत दोन्ही क्रिस्टलं योगायोगानं जवळ होती. एप्रिलच्या उन्हात बंद प्लॅस्टिकच्या पेटीत हात धरवत नव्हता. क्रिस्टल त्या हद्दीबाहेर गेलं. डोंगलच्या पडद्यावर दुपारच्या रेघा सकाळच्या जागेवरून सरकलेल्या स्पष्ट दिसत होत्या.

रुंदी पुन्हा १२५ केली आणि पल्ल्यासाठी चर्प लांब केला, १२८ ऐवजी १,०२४ घरांचा. पोच जवळपास तेवढीच राहिली आणि दुपारचे आकडे त्याच दिवशी यायला लागले. पेटीवर सावलीही केली, ती आधीच करायला हवी होती.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. १,०२४ घरांच्या सेटिंगला नुसत्या मेळाला शंभर मिलिसेकंद जातात, ४,०९६ घरांना चारशे. तेवढा वेळ बॅटरी खर्च होते आणि हवा अडते. फोनवर व्हिडिओ पाहायला हे कधीच चालणार नाही. तासातून एकदा ओलाव्याचा आकडा पाठवायला छान चालतं.

## मग ५जीनं चर्प का सोडला?

हा प्रश्न जाणकार वाचक विचारतील आणि तो रास्त आहे. ४जीचा टॉवर फोनला मेळासाठी जी पहिली खूण पाठवतो ती झेडऑफ-चू नावाच्या क्रमावर बेतलेली असते. हा क्रम म्हणजे तुकड्यातुकड्यांत कापलेला चर्पच. असे तीन क्रम ठरलेले आहेत, २५, २९ आणि ३४ क्रमांकाचे. त्यांतले २९ आणि ३४ एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब आहेत, एक चढ तर दुसरा उतार. पण एक टॉवर यातला एकच क्रम पाठवतो. आरोह-अवरोहाची जोडी फोनला मिळत नाही. त्यामुळे फोनच्या क्रिस्टलचा सूर चुकला की खुणेची वेळही चुकीच्या जागी दिसते, तीच एकट्या मींडेची फसवणूक. ५जीच्या खुणेसाठी म्हणून १२७ घटकांचा वेगळ्या जातीचा क्रम घेतला. त्यात सूर चुकला तर खूण फिकी होते, पण जागा सोडत नाही.

उलट दिशेनं मात्र जुनी युक्ती टिकून आहे. फोन टॉवरला पहिली हाक मारतो ती ५जीतही झेडऑफ-चू क्रमातच, लांब प्रकारात ८३९ घटकांच्या. ती किती उशिरा पोचली यावरून टॉवर फोनला 'तू एवढा लवकर बोल' असं सांगतो. आणि इथेही हाक मारणारा वेगात असेल तर गोंधळ होतो, कारण वेगानं सूर बदलतो. शिट्टी वाजवत येणाऱ्या गाडीचा आवाज फलाटावर बदलतो तसाच. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ताशी ३२० किलोमीटरनं धावायची आहे. त्या वेगाला ३.५ गिगाहर्ट्झवरच्या फोनचा सूर हजार हर्ट्झनं सरकतो. फोन आधीच टॉवरच्या सरकलेल्या सुराशी जुळवून बोलत असल्यानं टॉवरला सरकण दुप्पट दिसते. हाकेची घरं आहेत १,२५० हर्ट्झची. म्हणजे गाडीचा वेग टॉवरला अंतरासारखा दिसू लागतो, आणि एका प्रवाशाची हाक दुसऱ्याची वाटू शकते. म्हणून वेगवान मार्गांवरच्या टॉवरांसाठी नियमांत वेगळी तरतूद केलेली आहे: वेगामुळे ज्या हाकांची एकमेकींशी गल्लत होईल त्या वगळायच्या आणि उरलेल्या मोजक्याच हाका प्रवाशांच्या फोनना वापरू द्यायच्या.